जुनी एसयूव्ही, बसलेली मागची बाजू आणि रद्द झालेली लिफ्ट किट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी 18 वर्षं जुनी आणि 2 लाख किलोमीटरच्या वर धावलेली. सात सीटर डिझेल, चॅसिसवर बॉडी बसवलेली जुन्या पद्धतीची. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे अखंड एक्सल, त्याला कॉइल स्प्रिंगा, चार लिंक (एक्सलला चॅसिसशी जोडणारे दांडे) आणि एक पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू नये म्हणून लावलेला दांडा). स्टिअरिंग रॅकचं नाही, बॉक्सचं, म्हणजे आयडलर आर्मवालं (हा आर्म बॉक्सच्या विरुद्ध बाजूने स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देतो). कंपनी आणि मॉडेल मुद्दाम देत नाही, कारण अशा रचनेच्या गाड्या बऱ्याच कंपन्यांनी काढल्यात आणि यातलं जवळपास सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं.

मालकीणबाईंना ही गाडी वडिलांकडून मिळाली. विकायची नाही हे पक्कं होतं. त्यांचा धाकटा भाऊ हाताने काम करणारा, इंजिनची बारीकसारीक कामं त्याने आधी घरीच केलेली, पण सस्पेन्शन कधी पूर्ण उघडलेलं नव्हतं. मी या दोघांसोबत पहिल्या मापापासून शेवटच्या अलाइनमेंटपर्यंत होतो आणि सगळे आकडे लिहून ठेवले होते, त्यातूनच हे लिहितोय. नावगाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

अडचण काय होती

तक्रारी पाच होत्या. मागची बाजू बसल्यासारखी दिसायची, त्यातही उजवी जास्त. माणसं आणि सामान भरलं की खड्ड्यात मागून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा धाडकन आवाज. पुढचं चाक खड्ड्यात पडलं की ठक्क. वेगात गाडी सरळ धरून ठेवायला हात सारखे हलवत राहावे लागायचे. आणि पुढचे टायर बाहेरच्या कडेला घासलेले, वर ट्रेडवर हात फिरवला तर खोलगट चकत्या लागायच्या, अशा चकत्या बहुतेक वेळा शॉकअप गेल्याचं नाहीतर बॅलन्सिंग बिघडल्याचं लक्षण असतात.

भावाचा उपाय ठरलेला होता. 2 इंच लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच), मागे जाड स्प्रिंगा, पुढे टॉर्शन बार पिळून गाडी वर, सगळीकडे सांध्यातल्या रबरी बुशच्या जागी कडक पॉलियुरेथेन बुश आणि लांब शॉकअप. त्याचं म्हणणं असं, "ताई, एकदाच काय ते करून टाकू ना, नाहीतर तेच परत परत खोलत बसायचं."

ताईंनी एकच विचारलं, "आधी मला सांग, गाडी नक्की किती बसलीये? आकडा सांग."

आकडा कोणाकडेच नव्हता. इथून पुढचं सगळं या एका प्रश्नामुळे वेगळ्या वाटेने गेलं असं माझं मत आहे.

मापं

मी याच भागावर जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक लोक हाच भाग सोडून थेट पार्ट मागवतात.

जमिनीपासून मडगार्डपर्यंतचं माप घ्यायचं नाही, त्यात टायरची हवा आणि झीज येते. हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभं माप घ्यायचं. सपाट फरशी, चारही टायरला सारखी हवा, टाकी फुल, गाडीत कोणी नाही, आणि माप घ्यायच्या आधी गाडी थोडी पुढेमागे ढकलायची आणि चारही कोपरे दाबून सोडायचे, नाहीतर बुश आणि शॉकअपच्या घर्षणामुळे गाडी अडकून राहते आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो.

मॅन्युअलमधल्या उंचीशी ताडून बघितलं तर पुढचं डावं 31 मिमी वर, पुढचं उजवं 20 मिमी वर, मागचं डावं 12 मिमी खाली आणि मागचं उजवं 24 मिमी खाली. म्हणजे निम्मी गोष्ट ही निघाली की मागची बाजू जेवढी दिसते तेवढी बसलेलीच नव्हती, पुढची बाजू उचललेली होती. टॉर्शन बारच्या अॅडजस्टर बोल्टचे आटे बघितले तर डावा उजव्यापेक्षा बराच जास्त पिळलेला. मागे कधीतरी कोणीतरी पुढची बाजू उचलून दिली होती, घरात कोणाला आठवत नव्हतं कधी ते.

बार पिळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर येते. चाकाला एकूण खालीवर जायला जागा तेवढीच असते, त्यातली खाली जायची जागा कमी होते. मग चाक खड्ड्यात उतरलं की आर्म लगेच खालच्या स्टॉपर रबराला आपटतो. ती ठक्क तीच होती, स्टॉपरचं रबर चेपून तडकलेलं सापडलं. वर, आर्म खाली झुकलेले राहिल्यामुळे कॅम्बर (चाकाचा उभा कल) पॉझिटिव्हकडे गेलेला, म्हणजे चाकाची वरची बाजू बाहेर झुकलेली, म्हणून टायर बाहेरून घासले, आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढल्यामुळे डावा बूट (शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस बाहेर फेकलं गेलेलं. एका बोल्टने तीन दुखणी.

मागची उजवी बाजू जास्त खाली का, याचं उत्तरसुद्धा अर्धं पुढेच होतं. पुढचा डावा कोपरा उचलला की गाडीचं वजन तिरकं सरकतं, पुढचं डावं आणि मागचं उजवं जास्त भार घेतं आणि गाडी मागच्या उजव्या कोपऱ्यावर झुकते. चार पायांच्या टेबलाच्या एका पायाखाली घडी घातल्यावर होतं तसंच. मागे डावी-उजवी वेगवेगळी दिसली म्हणून लोक एकच मागची स्प्रिंग बदलतात, त्याआधी पुढचे दोन कोपरे मोजावेत.

मग राहिला प्रश्न की मागच्या स्प्रिंगा खरंच थकल्यात का. यासाठी आम्ही घरचीच चाचणी केली. 20 लिटरचे पाच कॅन पाण्याने भरले, म्हणजे 100 किलो, आणि ते बरोबर मागच्या एक्सलच्या वर ठेवले. गाडी हलवून परत मोजलं, दोन्ही बाजूंचं सरासरी 16 मिमी खाली. एका बाजूला 50 किलोला 16 मिमी म्हणजे मिमीला साधारण 3.1 किलो. हा चाकापाशी मिळणारा कडकपणा, आणि हिशोबाला हाच लागतो, स्प्रिंगवर छापलेला नाही.

आता मागची बाजू सरासरी 18 मिमी खाली. दोन्ही बाजू मिळून ते झाले 110 किलोच्या आसपास. म्हणजे गाडीत कायम 110 किलो जास्त ठेवल्यावर जशी बसेल तशी ती बसलेली होती. मागे वळून बघितलं तर खरंच होतं की सामान. लोखंडी बंपर, मागच्या दारामागे वाढवलेला स्टेपनीचा हात, डिकीत कायमची हत्यारपेटी, वर कॅरियर. स्प्रिंगा थोड्या थकल्या होत्या हे खरं, पण बरंचसं ते वजन होतं. एक्सलच्या मागे लटकणारं वजन तर मागच्या चाकांवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं, कारण ते पुढचं टोक उचलायला बघतं.

शेवटचं माप बंप स्टॉपचं, म्हणजे एक्सल वर येताना ज्या रबरी स्टॉपरला आपटतो त्याचं. एक्सल आणि स्टॉपर यांच्यात रिकाम्या गाडीला 62 मिमी जागा होती, मॅन्युअलच्या उंचीला ती 80 च्या आसपास भरली असती. पूर्ण भरल्यावर मागच्या एक्सलवर 300 किलो वाढतात असं धरलं, तर एका बाजूला 150 किलो, म्हणजे 48 मिमी खाली. उरले 14 मिमी. थोडा मोठा खड्डा आला की संपलं. त्यात उजवीकडचं बंप स्टॉपचं रबर जागेवर नव्हतंच, म्हणून तो लोखंडी आवाज.

ढिलाई कुठे कुठे होती

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, चाकांना उटी (अडसर) लावली. हे लिहायलाच हवं, कारण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणारे लोक अजून आहेत, आणि जॅकचं सील बसायला एक क्षण लागतो.

खालचे बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारे गोल सांधे) तपासताना जॅक खालच्या आर्मखाली लावावा लागतो, म्हणजे टॉर्शन बारचा ताण जॉइंटवरून उतरतो आणि खरी ढिलाई दिसते. चाक लटकत ठेवून हलवलं तर ताणामुळे खराब जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. चाकाखाली टॉमी (पहार) घालून उचललं तर डावा जॉइंट स्पष्ट वरखाली होत होता. या रचनेत गाडीचा भार खालच्याच जॉइंटवर असतो आणि तो निसटला तर चाक आडवं होतं, त्यामुळे बाकी काही ठरो न ठरो, हा बदलायचा यावर चर्चाच झाली नाही.

आयडलर आर्म बोटाने हलत होता, गाडी वेगात भरकटते त्याचा मोठा वाटा तिथे. खालच्या आर्मचे बुश फाटून आतली नळी एका बाजूला सरकलेली. मागचा एक शॉकअप तेलाने ओला. आणि पॅनहार्ड रॉडचा चॅसिसकडचा ब्रॅकेट ब्रशने घासल्यावर वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर दिसली. हातोडीने टोकून बघितलं, आजूबाजूचं लोखंड ठणठणीत वाजलं, गंजाने पोखरलेलं नव्हतं. ते पोखरलेलं असतं तर हे प्रकरण इथेच संपलं असतं, कारण कुजलेल्या चॅसिसवर नव्या स्प्रिंगा लावण्यात अर्थ नाही.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय भावाचा, पूर्ण लिफ्ट. त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती अगदीच चुकीची नव्हती. 50 मिमी उंची मिळाली असती, भरलेल्या गाडीला स्टॉपर लागला नसता, आणि लोक घाबरवतात त्यातल्या काही गोष्टी तेवढ्या मोठ्या नसतात. पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल एका बाजूला सरकतो हे खरं, पण 900 मिमी लांब रॉडचा हिशोब मांडला तर 50 मिमी लिफ्टला ते सरकणं काही मिमीच्याच घरात येतं. त्याने काही बिघडलं नसतं.

बिघडलं असतं ते दुसरीकडे. पुढची बाजू 31 मिमी वर असतानाच कॅम्बर, बूट आणि स्टॉपर यांची ही गत होती, तीच 50 वर नेली असती तर तेच दुखणं वाढलं असतं. आणि मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, याबद्दल लिफ्ट करणाऱ्यांपैकी फार कमी जण बोलतात. हा व्हॉल्व्ह एका दांड्याने एक्सलला जोडलेला असतो आणि बॉडी-एक्सलमधलं अंतर बघून मागच्या ब्रेकला दाब किती द्यायचा ते ठरवतो. बॉडी वर उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग तो मागचा दाब कमी करतो. भरलेली गाडी, उतार, आणि मागचे ब्रेक अर्धवट. लिफ्ट करायचीच असेल तर या दांड्याचा ब्रॅकेट बदलणं किंवा नीट सेट करणं हा कामाचाच भाग आहे. बऱ्याच ठिकाणी असा बदल नियमात बसतो का आणि विम्याला कळवावा लागतो का हेही आधी बघावं लागतं.

जाड स्प्रिंगांचा प्रश्न वेगळा. वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचा मागचा एक्सल 1010 किलो भरला. त्यातून एक्सल, चाकं आणि ब्रेक यांचे अंदाजे 200 वजा केले तर स्प्रिंगवर एका बाजूला 400 किलो. मिमीला किती किलो यावरून गाडी किती वेगाने हिंदकळते ते काढता येतं, 400 ला कडकपणाने भागायचं, आलेल्या मिमीचं वर्गमूळ काढायचं आणि 15.8 ला त्याने भागायचं. मूळ 3.1 ला येतं 1.4 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 1.4 हिंदकळे. 20 टक्के कडक, म्हणजे 3.75 ला 1.5. भावाच्या मनातली 50 टक्के जाड, 4.7 ला 1.7. साधारण आरामाच्या गाड्या 1 ते 1.5 च्या पट्ट्यात असतात. 1.7 वर रिकामी गाडी मागे उडते, आणि ही गाडी जास्त वेळ रिकामीच फिरते. स्प्रिंग निवडताना वर्षातून दोनदा किती भरतो ते धरायचं नाही, कायम किती वजन असतं ते धरायचं.

दुसरा पर्याय सगळं मूळसारखं करणं. नवीन मूळ स्प्रिंग, मूळ उंची, भरल्यावर स्टॉपरपर्यंत 32 मिमी शिल्लक. चालण्यासारखं, पण बंपर आणि स्टेपनीचा हात राहणार होता त्यामुळे थोडं कमीच.

तिसरा, जो ठरला. आधी जे झिजलंय ते मूळ स्थितीत आणायचं, गाडी काही दिवस चालवायची, परत मोजायचं आणि मगच मागच्या स्प्रिंगा-शॉकअप मागवायचे. भावाचा आक्षेप होता की दोनदा खोलावं लागेल. तो आक्षेप अर्धाच बरोबर होता. या रचनेत मागची स्प्रिंग काढायला लिंकचे बुश उघडावे लागत नाहीत, त्यामुळे दुप्पट काम होणार नव्हतं, आणि शॉकअपची लांबी उंचीवर ठरते, उंची न ठरवता ते घेणं म्हणजे अंदाजावर खर्च करणं.

स्पेसरचाही विचार झाला. स्प्रिंगखाली स्पेसर घातला की उंची मिळते पण कडकपणा तोच राहतो, स्प्रिंग बदलायची तेवढ्यापुरती टळते. शॉकअप मूळ लांबीचाच ठेवला तर चाक खाली उतरताना तो आधी ताणला जातो. ताईंनी नको म्हटलं, मला ते पटलं.

बुश रबरचे की पॉली? पॉलियुरेथेन टिकतं आणि घट्ट असतं, पण अखंड एक्सलच्या लिंक चालताना पिळल्या जातात, एक चाक वर एक चाक खाली असताना तर खूपच. रबर तो पीळ स्वतःत घेतं, पॉली विरोध करतं, मग तो ताण ब्रॅकेटवर जातो. ज्या गाडीच्या ब्रॅकेटला आधीच चीर आहे तिथे पॉली घालणं मला मान्य नव्हतं. लिंक, आर्म, पॅनहार्ड सगळीकडे मूळ रबर. फक्त पुढच्या अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी झुकणं कमी करणाऱ्या दांडीच्या) बुशला पॉली, तेवढं भावाचं राहिलं.

प्रत्यक्ष काम

ब्रॅकेटची चीर सगळ्यात आधी, आणि ती घरी नाही. घरी वेल्डिंग मशीन होतं आणि भावाला जुजबी वेल्डिंग येतही होतं, तरी चॅसिसचं काम अनुभवी वेल्डरकडे दिलं. चिरेचं टोक ड्रिल करून चीर तिथे थांबवली, मग खोलवर घासून भरली आणि वर पट्टी. बॅटरी काढलेली, जवळून जाणारा डिझेलचा पाइप आणि ब्रेकची नळी बाजूला करून झाकलेली.

पुढची बाजू उघडताना टॉर्शन बारचे अॅडजस्टर सोडण्याआधी बोल्ट किती बाहेर आहेत ते मोजून लिहिलं आणि बार, आर्म, अँकर तिन्हींवर जुळणाऱ्या खुणा केल्या. डावा आणि उजवा बार दिसायला सारखे असतात पण अदलाबदल करायची नाही, कारखान्यात प्रत्येकाला एकाच दिशेने पीळ देऊन बसवलेलं असतं, उलट्या दिशेने वापरला तर लवकर तुटतो.

मागच्या लिंकचा एक बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला. गंज सोडवायचं तेल रात्रभर, दुसऱ्या दिवशी पुन्हा, काहीच नाही. गॅसने तापवायचा विचार झाला पण रबर पेट घेतं आणि धूर विषारी, शेवटी बुश जाणारच होता म्हणून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापून काढला. जुन्या गाडीला लिंकचे बोल्ट-नट बुशसोबतच मागवून ठेवावेत, आमच्याकडे नव्हते आणि गाडी ते येईपर्यंत घोड्यांवर उभी राहिली. बॉल जॉइंट आणि आर्मचे बुश हातोडीने ठोकून न बसवता आर्म बाहेर काढून हायड्रॉलिक प्रेसवर बसवून आणले.

यानंतरचा टप्पा या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा. भावाने आर्म परत लावले आणि चाकं लटकत असतानाच बुशचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने पूर्ण आकड्याला घट्ट केले. आकडा बरोबर, वेळ चुकीची. रबरी बुशची आतली आणि बाहेरची नळी रबराला चिकटवलेली असते, तो फिरत नाही, पिळला जातो. आर्म खाली लटकत असताना आतली नळी घट्ट केली की तेच त्याचं मधलं स्थान होतं. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं, वर ते एक जास्तीची स्प्रिंग बनतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये फाटतं.

त्यावेळी ते लक्षात आलं नाही. टॉर्शन बार सेट करून पुढची उंची दोन्हीकडे मॅन्युअलच्या 10 मिमी वर आणली, आकडे छान जुळले. पण गाडी चालवली तर पुढची बाजू कडक, आणि कोपरा दाबून सोडला तर परत त्याच जागी न येता प्रत्येक वेळी थोडी वेगळीकडे थांबायची. तेव्हा भावाला विचारलं, बोल्ट केव्हा घट्ट केले? मग चाकांखाली भक्कम लाकडी फळ्या देऊन गाडी स्वतःच्या वजनावर उभी केली, सगळे आर्मचे बोल्ट ढिले केले, गाडी हलवली, आणि पुढची बाजू 9 मिमी खाली आली. बरोबर 9 मिमी गाडी नुसत्या पिळलेल्या रबरावर उभी होती. बार परत सेट केले, मग त्याच उंचीला बोल्ट घट्ट केले. कडकपणा गेला.

हाच नियम मागच्या लिंक, पॅनहार्ड रॉड आणि डोळा असलेल्या शॉकअपलाही लागू.

पुढचे शॉकअप, आयडलर आर्म, टाय रॉड एन्ड, स्टॉपर, बूट हे याच टप्प्यात झाले. हत्यारपेटी आणि कॅरियर काढून ठेवले. काही दिवस गाडी चालवून परत मोजलं तर मागचं डावं 6 मिमी खाली आणि मागचं उजवं 10 मिमी खाली. 12 मिमीचा डावा-उजवा फरक 4 वर आला, मागे एकाही स्प्रिंगला हात न लावता. भाऊ त्या दिवशी टेप दोनदा लावून बघत होता.

आता स्प्रिंग निवडणं सोपं झालं. 20 टक्के कडक, कायमच्या जास्त वजनासाठी बनवलेली, मूळ उंचीपेक्षा नाममात्र 20 मिमी वर. लांब शॉकअपची गरज उरली नाही, मूळ लांबीचे गॅस भरलेले घेतले. नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस कमी येतो, खराब रस्त्यावर सलग चालताना त्याचा फायदा होतो.

मागच्या स्प्रिंगा काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लागला नाही. चॅसिस घोड्यांवर, एक्सल जॅकवर, शॉकअपची खालची टोकं, अँटी-रोल बारच्या लिंक आणि पॅनहार्डचं एक टोक सोडलं, लोड व्हॉल्व्हचा दांडा आधीच काढून ठेवला नाहीतर तो वाकतो, आणि एक्सल हळूहळू खाली. एक जण जॅकवर आणि एक जण फक्त ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि एक्सलची हवा जायची नळी यांवर नजर ठेवून. होज ताणला जाण्याआधी थांबायचं. स्प्रिंगा हाताने निघाल्या. नवीन बसवताना टोक रबरी बैठकीच्या खाचेत नीट बसलंय का ते बघूनच एक्सल वर.

ब्रेकच्या व्हॉल्व्हचा दांडा मॅन्युअलप्रमाणे नव्या उंचीला सेट करून घेतला आणि मागचा ब्रेक किती धरतो ते वर्कशॉपच्या ब्रेक टेस्टरवर तपासलं. हे घरी अंदाजाने करायचं नाही हे आधीच ठरलं होतं. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि हेडलाइटचा झोतही परत लावला.

निकाल

1000 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत टॉर्क केले आणि मोजलं. नवीन स्प्रिंगा 4 मिमी बसल्या होत्या, मागची बाजू मॅन्युअलच्या 16 मिमी वर, डावी-उजवीत 3 मिमी फरक. बंप स्टॉपपर्यंत 95 मिमीच्या आसपास. तोच 300 किलोचा भार धरला तर 40 मिमी खाली, म्हणजे 55 शिल्लक, आधीच्या 14 च्या जागी. भरलेल्या गाडीत धाडकन आवाज पुन्हा आला नाही. पुढची ठक्क गेली. गाडी सरळ चालते, टायर नवीन टाकल्यावर आतापर्यंत सारखे झिजतायत.

रिकाम्या गाडीला मागे छोट्या उंचवट्यांवर आधीपेक्षा किंचित कडक वाटतं, ते वाटणारच होतं आणि ताईंनी ते समजून घेऊन स्वीकारलं. पुढच्या पॉली बुशनी थंडीत करकर सुरू केली, ग्रीस लावल्यावर थांबली, परत लावावं लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

डावा बॉल जॉइंट ढिला सापडला त्या दिवशी गाडी चालवणं पूर्ण थांबवायला हवं होतं. पार्ट येईपर्यंत ती जवळपास फिरवली गेली. मी नको म्हटलं होतं, हळू चालवू म्हणून ते झालं. काही घडलं नाही, पण बॉल जॉइंटला वेगाशी देणंघेणं नसतं, गाडी वळवून मागे घेतानाही तो निसटतो.

बोल्ट घट्ट करायचा क्रम कागदावर लिहून गाडीवर चिकटवला असता तर पुढचं काम दुसऱ्यांदा करावं लागलं नसतं. टॉर्कचे आकडे लिहिले होते, कोणत्या उंचीला ते लिहिलं नव्हतं.

मागचा गळका शॉकअप पहिल्या टप्प्यात तसाच ठेवला गेला कारण लांबी ठरायची होती. आता मूळ लांबीचेच घेतले म्हटल्यावर तो तेव्हाच बदलता आला असता असं भाऊ म्हणतो. मला तसं वाटत नाही, तेव्हा लांबी खरंच माहीत नव्हती. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

लोखंडी बंपरबद्दल मात्र मी अजून सांगतोय की तो काढावा. एक्सलच्या इतकं मागे ते वजन कशाला.

स्टिअरिंग बॉक्समध्ये मध्यभागी अजून थोडा लटका (ढिलेपणा) आहे. भावाला वरचा स्क्रू पिळून तो काढायचा होता. तसं करू दिलं नाही, कारण बॉक्स मध्यभागीच जास्त झिजतो, मधला लटका संपेपर्यंत स्क्रू पिळला तर चाकं वळवल्यावर बॉक्स आवळतो आणि स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही. बॉक्स उघडून बेअरिंग आणि सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येऊन स्टिअरिंगचे दांडे हलवणारा शाफ्ट) बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि ते काम पुढच्या वेळी सील किटसकट एकत्रच होईल.